जकात, हुंडेकरी आणि दारात आलेलं पार्सल

मी मीरा-भाईंदरमधल्या इंद्रलोक भागातून तुमच्याशी बोलतेय. इथल्या काही बचत गटांची मी समन्वयक आहे. आजचं बोलणं इतिहासाचं आहे, पण सुरुवात एका पार्सलपासून करते.

आमचा एक गट राख्या आणि खड्यांचे दागिने करतो. एका वर्षी बाजारात मिळेना असं काही साहित्य आम्ही परदेशातून मागवलं. मोबाइलवर ऑर्डर मीच दिली. माल ६,००० रुपयांचा आणि पाठवणावळ १,५०० रुपये, असे एकूण ७,५०० रुपये. बैठकीत मी ठामपणे सांगितलं की एवढ्यात माल घरपोच येईल. सगळ्यांनी मंजुरी दिली, ठरावावर सह्या झाल्या. (आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतेय.)

बाराव्या दिवशी कुरिअरचा मुलगा आमच्या खजिनदार ताईंच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "अजून ३,८८७ रुपये द्या, नाहीतर पार्सल परत जाईल." मला फोन लागला नाही. राखीपौर्णिमा तोंडावर आलेली. ताईंनी गटाच्या पैशातून रक्कम दिली. हातात आली एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त एकूण आकडा.

शनिवारच्या बैठकीत व्हायचं तेच झालं. माल साडेसात हजारांचा आणि वर निम्म्याहून जास्त पैसे? कशाचे? एक जण बोलून गेली, "वाटेत कुठं जिरले म्हणायचे?" ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून ही दुसऱ्या कुणाकडे द्या." सहा वर्षं त्या वहीत एका रुपयाची चूक नव्हती. चूक माझी होती. परदेशातून माल मागवला की वर काय काय लागतं, हे मी न वाचताच शब्द देऊन बसले होते.

मग मी दोन गोष्टी केल्या. कुरिअर कंपनीकडे पूर्ण कागद मागितला. तीन वेळा फोन करावा लागला. आणि तो येईपर्यंत, बी.ए.ला इतिहास होता म्हणून, हे पैसे घ्यायची रीत आली कुठून ते शोधायला बसले. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. आमच्याकडचा नाणेघाट तुम्ही पाहिला असेल किंवा ऐकला तरी असेल. कोकणातून जुन्नरला चढणारी ही जुनी वाट. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण ही मोठी बंदरं होती. सोपारा म्हणजे आत्ताचं नालासोपारा, आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडचं. तिथं उतरलेला परदेशी माल बैलांच्या पाठीवरून असल्या घाटांनी वर देशावर यायचा. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की येणारे-जाणारे व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकायचे. तिथल्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञात काय काय आणि किती दान दिलं, याचे आकडे त्यात कोरलेले आहेत. लहानपणी आम्ही त्या रांजणात डोकावून पाहायचो. आता वाटतं, ज्या वाटेवर नाणी पडत होती त्याच वाटेवर एका बाईच्या नावानं हिशेबही कोरलेला होता, हे आपण गटातल्या बायकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जुन्या ग्रंथांमध्ये या कराला शुल्क म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्क गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला शुल्काध्यक्ष असं नाव आहे. व्यापाऱ्यानं माल काय, किती आणि कुठून आणला ते सांगायचं, लपवलं तर दंड. पण त्याच ग्रंथात सूटही दिलेली आहे. लग्नासाठी नेलेलं सामान, नवरीबरोबर जाणाऱ्या वस्तू, भेटी, बाळंतपणासाठी, मुंजीसाठी, पूजेसाठी लागणारं साहित्य, यांवर शुल्क नाही. घरातल्या मंगलकार्यावर राजानं हात मारू नये, ही समज तेव्हाही होती. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे राखीचा विषय येणार आहे.

आता मिठाकडे वळते. भाईंदर म्हटलं की जुन्या लोकांना आधी मिठागरं आठवतात. उन्हाळ्यात पांढऱ्या राशी, आणि भर उन्हात घमेली वाहणाऱ्या बाया. मीठ पिकवणाऱ्याला त्याचा भाव मिळाला नाही तर काय होतं, हे या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको.

१६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला, नरहरी आनंदराव यांना, मिठाबद्दल एक पत्र पाठवलं. गोव्याचा बारदेश भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथलं मीठ स्वस्त पडायचं, म्हणून व्यापारी तिकडे वळत होते आणि स्वराज्यातल्या कोकणी मिठाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं. महाराजांचा हुकूम असा होता की तिथल्या आणि आपल्या मिठाच्या भावाचा हिशेब करून बारदेशच्या मिठावर इतकी जबर जकात बसवा, की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. आज ज्याला आपण आयात शुल्क म्हणतो, त्याचा अर्थ या एका पत्रात पूर्ण आहे. बाहेरचं स्वस्त मीठ वाईट होतं असं नव्हे. पण त्याच्यामुळे आपल्या आगरावरच्या माणसाची चूल विझत असेल, तर त्या दोन भावांमधलं अंतर राज्यानं भरून काढायचं.

तुम्ही पापड, गोधड्या, टोपल्या करता. बाहेरून यंत्रावरचा स्वस्त माल आला की पहिला फटका कुणाला बसतो, ते तुम्हीच सांगाल. परदेशी वस्तूवर शुल्क भरताना आपण चरफडतो. पण तेच शुल्क कधी कधी आपल्या मालाचंही कुंपण असतं.

पुढे पेशवाईत जकातीची व्यवस्था फार गुंतागुंतीची झाली. माल भरला तिथं थळभरीत नावाची जकात. माल विकला तिथं थळमोड. आणि दोन्हींच्या मध्ये वाटेवर ठिकठिकाणी चौक्या. कितीतरी ठिकाणी वसुलीचा मक्ता दिलेला असायचा. मक्तेदारानं सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि वाटसरूंकडून वसूल करायची. म्हणजे कोकणातल्या नारळांचा एक तांडा पुण्याला जायचा तर त्याला कितीदा थांबावं लागत असेल, प्रत्येक चौकीवर किती घासाघीस होत असेल, विचार करा.

या त्रासातून एक धंदा उभा राहिला, तो म्हणजे हुंडेकऱ्याचा. हुंडा म्हणजे एकठोक ठराव. व्यापाऱ्यानं हुंडेकऱ्याला एकच रक्कम द्यायची. माल इथून तिथं पोचवणं आणि वाटेतली सगळी जकात भरणं, दोन्ही त्याच्या माथी. त्याचे जकातीच्या मक्तेदारांशी आधीच ठराव झालेले असायचे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी या मुलखाबद्दल जे अहवाल लिहिले, त्यात हुंडेकऱ्यांची ही पद्धत नोंदलेली आहे. मालवाहतूक करणाऱ्याला आपल्याकडे बाजारपेठेतले जुने लोक अजूनही हुंडेकरी म्हणतात, आणि हे आडनावही तुम्ही ऐकलं असेल.

हे वाचलं आणि मला आमचं पार्सल कळलं. आजची कुरिअर कंपनी म्हणजे हुंडेकरीच की. ती माल आणते, आपल्या वतीनं सरकारी शुल्क आधी भरते आणि दारात येऊन ते शुल्क अधिक स्वतःची मजुरी एकत्र मागते. सोय आहेच. ती नसती तर एवढ्याशा डब्यासाठी आपल्याला विमानतळावरच्या कस्टम कार्यालयात खेटे घालावे लागले असते. पण एकठोक रकमेत एक गोम असते. सरकारचं किती आणि हुंडेकऱ्याचं किती, हे देणाऱ्याला दिसत नाही.

इंग्रजी राज्यात मुंबई इलाख्यातल्या वाटेवरच्या जकाती १८३८ च्या सुमारास कायद्यानं उठल्या. चौक्या गेल्या. मुख्य वसुली बंदरावर आली. पण ती कुणाच्या भल्यासाठी, हा प्रश्न तसाच राहिला. विलायती कापडावरचं आयात शुल्क इंग्रज सरकारनं १८८२ मध्ये काढून टाकलं. पुढे तिजोरी रिकामी व्हायला लागल्यावर १८९४ मध्ये ते परत बसवलं, पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना त्याचा चटका बसू नये म्हणून इकडच्या गिरण्यांच्या मालावरही कर लावला. १८९६ पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि आपल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीनच टक्के. मिठाचा दाखला आठवा. तिथं जकात आपल्या माणसासाठी कुंपण होती, इथं कुंपण मुद्दाम पाडलं. देशी कापडावरचा हा कर उठायला १९२५ साल संपत आलं.

आणि मीठ? त्याच्यावर तर इंग्रजांनी आपल्याच लोकांकडून कर घेतला. समुद्र आपला, मेहनत आपली, आणि चिमूटभर मीठ उचललं तर गुन्हा. १९३० साली गांधीजींची दांडीयात्रा निघाली आणि आपल्याकडे शिरोड्याला, विलेपार्ल्याला, वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाले. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी मीठ तयार करून त्याच्या पुड्या उघडपणे विकल्या. त्यांच्यामागे घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या कितीतरी बायका होत्या. मिठावरचा तो कर १९४७ साली उठला.

म्हणजे बघा, १६७१ ची जकातही मिठावरची आणि १९३० मधला करही मिठावरचा. एकीनं आगरावरच्या माणसाला हात दिला, दुसऱ्यानं त्याच्याच ताटातलं काढून घेतलं. म्हणून कर म्हटला की नुसतं नाक मुरडून भागत नाही आणि नुसती मान डोलावूनही भागत नाही. तो कुणावर पडतो, कुणाकडे जातो आणि त्याचा हिशेब मिळतो का, हे तिन्ही विचारावं लागतं.

जकात नाक्याची आठवण तर आम्हा इंद्रलोकच्या लोकांना अगदी ताजी आहे. दहिसरचा नाका इथून जवळच. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घ्यायची आणि त्यासाठी ट्रकांच्या रांगा लागायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. नाणेघाटाच्या रांजणापासून चालत आलेली, गावाच्या वेशीवर माल अडवून पैसे घ्यायची रीत आपल्या डोळ्यांदेखत संपली. राहिली ती देशाच्या वेशीवरची जकात, म्हणजे कस्टम. तिला १९६२ चा सीमाशुल्क कायदा लागू आहे.

आता आमच्या कागदाकडे येते. तिसऱ्या फोननंतर तो आला. त्याला बिल ऑफ एन्ट्री म्हणतात, म्हणजे आलेल्या मालाची कस्टमकडची नोंद. हिशेबाची रीत अशी असते, वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट, शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. त्यात पाठवणावळ आणि विमाही धरतात. आमचे ६,००० अधिक १,५०० असे ७,५०० धरले गेले. विमा सोपेपणासाठी सोडून देऊ. दुसरी गोष्ट, त्यावर मूळ सीमाशुल्क. २० टक्के दर धरला तर १,५०० रुपये. तिसरी, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे १५० रुपये. बेरीज झाली ९,१५०. चौथी, या सगळ्या बेरजेवर जीएसटी. १८ टक्के धरला तर १,६४७ रुपये. म्हणजे सरकारकडे गेले १,५०० अधिक १५० अधिक १,६४७, एकूण ३,२९७ रुपये. उरलेले ५९० कुरिअरचे: आमच्या वतीनं शुल्क भरल्याची मजुरी ५०० आणि तिच्यावरचा जीएसटी ९०. बेरीज करून पाहा, ३,८८७ बरोबर येतात.

दर प्रत्येक वस्तूला वेगळे असतात आणि अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून हे टक्के पाठ करू नका. पायऱ्या मात्र लक्षात ठेवा.

पुढच्या बैठकीत मी तो कागद मोठ्यानं वाचला. बाया एकेक आकडा लिहून घेत होत्या. पैसे कुठंच जिरले नव्हते. खजिनदार ताईंचा त्यात एक पैसा नव्हता. जी बोलून गेली होती तिनंच ती वही उचलून ताईंच्या मांडीवर ठेवली. दोघी काहीच बोलल्या नाहीत. कुरिअरच्या मजुरीची गोष्ट त्या कंपनीच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. ते ५९० रुपये मी माझ्या मानधनातून दिले आणि गटानं ते घेतले. मला ते बरोबरच वाटलं. त्या दिवसापासून आमच्या वहीत बाहेरून आलेल्या मालासाठी दोन रकाने आहेत: सरकारचं आणि हुंडेकऱ्याचं.

तुमच्या गटासाठी काही गोष्टी सांगून ठेवते. ऑर्डर देण्याआधी शुल्क किमतीत धरलंय की नाही ते वाचा. कुरिअरला आधीच विचारा की तुमची मजुरी किती. धंद्यासाठी माल मागवायचा तर आयईसी क्रमांक काढावा लागतो. गटाची जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळू शकते, ते तुमच्या कर सल्लागाराला विचारा. परदेशातल्या नातेवाइकांनी भेट पाठवली तरी शुल्क लागतं. थोड्या किमतीच्या भेटीला पूर्वी सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये काढली गेली. त्यातून राखी आणि जीवरक्षक औषधं वगळली. राखीबरोबर पाठवलेल्या इतर वस्तूंना मात्र ती सवलत नाही. दोन हजार वर्षांनीही भावाबहिणीचा धागा शुल्कातून सुटलेला आहे, याचं मला राख्या करणारीच्या नात्यानं बरं वाटलं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काही महिन्यांनी आमच्या गटातल्या एका वहिनींना फोन आला. लंडनहून तुमच्यासाठी दागिन्यांची भेट आलीय, कस्टममध्ये अडकलीय, आत्ताच्या आत्ता २५,००० रुपये या खात्यात टाका, नाहीतर पोलीस येतील. वहिनी जेमतेम सातवी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "बिल ऑफ एन्ट्री पाठवा. त्यात सरकारचं किती आणि तुमचं किती ते दाखवा, मग बघू." पलीकडून फोन कट झाला.

असे फोन गावागावांत येतात आणि शिकलेली माणसंही फसतात. कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात, आणि तो खरा की खोटा हे खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच सायबर हेल्पलाइनला फोन लावा. तिचा क्रमांक १९३०. मिठाच्या सत्याग्रहाचं साल आठवलं की नंबर आठवेल.

पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा बाहेरून आलेल्या मालाचं पान काढा आणि ते दोन रकाने आखून घ्या. कागद मिळाला नसेल तर मागा. तीन फोन करावे लागले तरी करा.